परबकाकांचं संपर्काचं पान

परबकाकांनी आपली वेबसाइट आधी जिन्यात चिकटवली.

बोरीवलीत त्यांचा मालवणी मसाल्याचा घरगुती धंदा आणि मालाडला माझं वेबसाइट बनवायचं इवलंसं ऑफिस. मी डिझाइनची लिंक पाठवली, तर काकांनी एकेक पान जुन्या कॅलेंडरांच्या मागे पेन्सिलीने हुबेहूब उतरवलं आणि तीन मजले भिंतीला लावून टाकलं. म्हणाले, "मोबाइलवर एक दिसता तर दुसरा लपता. माका सगळा एकदम बघूक व्हया."

मग काय, येता-जाता अख्खी बिल्डिंग सूचना लिहायला लागली. मच्छी मसाल्याखाली शहाभाईंनी लिहिलं, 'बटाट्यात पण मस्त लागतो, हे टाका.' टाकलं! माझ्या प्लॅनमध्ये मंजुरीला दोन दिवस होते. बिल्डिंगने दीड महिना घेतला. मी दात-ओठ खात बदल करत राहिले.

फक्त संपर्काचं पान काकांनी घराबाहेर काढलं नाही. त्याच पानाबद्दल ते पुन्हा पुन्हा विचारायचे, "ह्या कॅनडात दिसतला ना गो?"

कॅनडात त्यांचा महेश. धंदा सोडून निघाला, तेव्हा काका दारात म्हणाले होते, परत तोंड दाखवू नकोस. पोराने ते ऐकलं. चार वर्षं झाली, नंबरही बदलला. "मसाल्याची आठवण झाली तर तो शोधतलोच कधीतरी," काका म्हणाले. "आणि नाव लिवची सक्ती ठेव नको. मी वळखतलंय."

साइट सुरू झाली. ऑर्डरी फोनवर यायला लागल्या, अगदी मुलुंड-घाटकोपरहून. संपर्काच्या पानावरचा फॉर्म मात्र कोरा. रोज सकाळी दहाला काकांचा फोन, "फॉर्म चालता ना गो?" मी बोलता बोलता 'टेस्ट' असं लिहून पाठवायची. तिकडे मोबाइल वाजायचा आणि काका ओरडायचे, "इलो! इलो एक!" मग वाचायचे.

"तुझोच."

"हो काका. माझाच."

"म्हणजे चालता तर."

काकांच्या त्या आवाजाची मला भीती वाटायला लागली. आपण केलेलं काम बिघडावं, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

गेल्या सोमवारी मी 'टेस्ट' पाठवलंच नाही. क्लायंटसमोर स्वतःची खरी चूकही कधी कबूल न करणारी मी, धडधडीत म्हणाले, "काका, फॉर्म बिघडलाय. तिकडून लिहिलेलं इकडे पोचत नाहीये."

"तरीच!" काका केवढ्याने ओरडले. "झील माझो लिवत आसतलो, आणि हय पोचणा नाय!"

"दुरुस्त करते, काका."

 काका मग हळूच म्हणाले, "कर गो बाय. पण घाई नको. सावकाश कर."