परबांचं भुतांचं झाड

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारे परब रिकाम्या खोलीत शिरण्याआधीही दार वाजवतात. एकदा नव्हे, दोनदा. मग एक पाऊल मागे घेऊन थांबतात, घसा खाकरतात आणि मगच आत जातात. खोलीला बाहेरून कुलूप असलं आणि किल्ली त्यांच्याच हातात असली, तरीही.

परब एसी दुरुस्तीच्या कंपनीत फोरमन आहेत, त्यामुळे रिकाम्या फ्लॅटमध्ये जायची वेळ त्यांच्यावर वरचेवर येते. आमच्या समोरचा फ्लॅट भाडेकरू गेल्यावर दोन महिने बंद होता. परब एसी बघायला आले आणि दार वाजवून उभे राहिले. वॉचमन हमझा केरळचा. त्याने विचारलं, "परबसाब, अंदर कौन है?"

"मालूम नहीं," परब शांतपणे म्हणाले. "इसीलिए तो खटखटाया."

त्यानंतर हमझा आमच्या मजल्यावर एकटा यायला तयार होईना.

रेवा आणि कबीर, तुम्ही कॅनडाहून पाठवलेला हॅलोविनच्या झाडाचा फोटो मी फ्रिजवर लावला आहे. काळ्या फांद्या, नारिंगी भोपळे, पांढरी भुतं. "आजी, बहरीनमध्ये असं झाड कोणी करतं का?" असं तुम्ही विचारलंत. मोठ्या दुकानांत तयार मिळतं, आणि अमवाज बेटांवरच्या बंगल्यांतून हौसेने लावतातही. पण घरी केलेलं मी एकच पाहिलं. ते परबांनी केलं होतं. म्हणून झाडाआधी परब सांगते.

परब मालवणकडचे. इथे येऊन तीस वर्षांच्या वर झाली, पण भुतांच्या बाबतीत ते अजून गावीच राहतात. तुम्हाला भूत म्हणजे चादर पांघरलेलं काहीतरी वाटतं. परबांना तसलं भूत अपमानास्पद वाटतं. त्यांच्याकडे मुंजा वेगळा, खवीस वेगळा, पाण्यातला गिरा वेगळा. प्रत्येकाची बसायची जागा ठरलेली, मान ठरलेला. मोरीत कढत पाणी ओतायचं तर परब आधी म्हणतात, "बाजूक व्हा." कारण विचारलं तर एकच उत्तर, "रीत आसा ती, बाई." त्यांची मुलगी वैशाली शाळेत माझ्या वर्गात होती, म्हणून मी त्यांची बाई.

तुमचे आजोबा त्यांना डिवचायचे. "परब, इथली निम्मी जमीन समुद्र बुजवून केलेली. नव्या कोऱ्या जमिनीवर भुतं येणार कुठून?"

परबांनी जरा विचार केला. "तसा नाय साहेब. मगे समुद्रातली खंय गेली?"

आजोबांनीच विषय बदलला. हे फार क्वचित घडतं.

परबांच्या पत्नी सुनंदावहिनी मात्र हसून म्हणायच्या, "ह्यांची वळख जित्यांपेक्षा मेलेल्यांशी जास्त." त्या स्वतः कसल्या भुताला भीक घालत नसत. मागच्या वर्षी उन्हाळ्यात त्या अचानक गेल्या. परबांनी रजा काढून अस्थी गावी नेल्या, पंधरा दिवसांनी परत आले आणि कामावर रुजू झाले. त्यांच्या वागण्यात काही फरक दिसला नाही. जेवायच्या टेबलाजवळची वहिनींची खुर्ची तेवढी ते कोणाला बसायला देत नसत.

वैशाली लग्न होऊन इथेच सनद नावाच्या भागात राहते. तिची मुलगी सई सहा वर्षांची. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची, म्हणून दर गुरुवारी संध्याकाळी ती आजोबांकडे राहायला यायची आणि शनिवारी परत जायची. परबांचा सगळा आठवडा त्या दोन दिवसांकडे तोंड करून चालायचा. मग एका गुरुवारी जेवताना परब तिला सहज म्हणाले, "बाये, आजी बसली आसा बघ खुर्चेर. तिका हात कर."

सईने किंकाळी फोडली. वैशालीला अर्ध्या वाटेवरून परत यावं लागलं. त्यानंतर सई त्या घराचं नाव काढलं की रडायला लागायची. वैशालीने वडिलांना स्पष्ट सांगितलं, "पप्पा, तुम्हीच सनदला येत जा. तिला मी इकडे आणणार नाही." परब जायचे, सोफ्याच्या कडेला तासभर बसायचे, पाहुण्यासारखा चहा पिऊन परत यायचे. असे सात महिने गेले.

ऑक्टोबरच्या मधल्या एका शुक्रवारी सकाळी ते माझ्याकडे आले. "बाई, ह्या हॅलोविन म्हणजे काय ता माका नीट सांगा."

सई अमवाजला एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती. तिथे तिने भुतांचं झाड पाहिलं आणि ती मुळीच घाबरली नाही. उलट हसली, आणि घरी येऊन आईकडे तसंच झाड मागितलं. वैशालीने हे फोनवर सहज सांगितलं. परबांनी सहज ऐकलं नाही.

मी मला माहीत होतं तेवढं सांगितलं. परबांनी लक्ष देऊन ऐकलं आणि निर्णय दिला, "म्हणजे गोऱ्यांचो म्हाळ. आपलो म्हाळ आत्ताच झालो, पाठोपाठ तेंचो. बरोबर आसा." पितरांना जेवू घालायचा आपला पंधरवडा आणि चॉकलेटं वाटायची एक संध्याकाळ यांतला फरक समजावण्याचा मी प्रयत्न केला, पण ते तोवर फांदीचा विचार करू लागले होते.

फांदीवरून दोन दिवस गेले. मी खजुरीची वाळकी झावळी सुचवली. "खजुरीर भूत कसा बसतला? काटे टोचतले." शेवटी रस्त्याकडेच्या कडुलिंबांची छाटणी झाली, तेव्हा ते दोन फुटांची, चांगले फाटे असलेली फांदी घेऊन आले. आणण्याआधी त्यांनी झाडाला विचारलं होतं, असं हमझा म्हणाला. फांदी तेलाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरून रोवली आणि काळ्या रंगाने रंगवली.

सामान त्यांच्या कामातलंच. एसीच्या फिल्टरचं पांढरं कापड, पाइपावर चढवतात तो काळा फोम, तांब्याची तार. फोमची वटवाघळं इतकी सुबक झाली की मला हात लावायची भीती वाटली. भोपळे मी नारिंगी कागदाचे केले. पांढऱ्या कापडाची पाच भुतंही मीच शिवली, एकाच मापाची, पट्टी लावून.

परबांनी ती पाचही टेबलावर ओळीने मांडली आणि बराच वेळ बघत राहिले. "ही कोण?"

"भुतं."

"ता कळला. पण कोण? नाव नाय, गाव नाय, असला भूत मी घरात घेवचंय नाय."

मग प्रत्येकाला नाव मिळालं. एकाच्या खांद्यावर दोऱ्याचं जानवं आलं, तो मुंजा. एकीचे केस लोकरीचे, पावलं उलटी, ती हडळ. गिरा पाण्यातला, म्हणून तो फांदीवर लटकणार नाही. त्याच्यासाठी डब्याशेजारी वाटीत पाणी. वेताळाला टांगायला तर परबांनी साफ नकार दिला. "देव तो. तेका काय टांगतत?" पण वगळलं तर तो रागावणार. शेवटी त्यांनी आपलं जुनं पाकीट कापून बोटभर लांबीच्या दोन चपला शिवल्या आणि शेंड्याला अडकवल्या. वेताळ गावाभोवती फिरून चपला झिजवतो, म्हणून त्याला नव्या चपला वाहायच्या असतात. हॅलोविनच्या झाडावर चपला मी तरी दुसरीकडे कुठे पाहिलेल्या नाहीत. नावांच्या चिठ्ठ्या त्यांनी माझ्याकडून लिहून घेतल्या. "बाईंचा अक्षर बरा. तेंका आवडतला."

"परब," मी म्हणाले, "ती घाबरली तर?"

ते तार वळवायचे थांबले. "घाबरली तर खलास, बाई. मगे ती परत येवची नाय." आणि पुन्हा तार वळवू लागले. पण त्या दिवशी त्यांच्याकडून मुंजाचा एक हात उलटा बसला.

पुढच्या शुक्रवारी दुपारी वैशाली सईला घेऊन आली. परबांनी मलाही बोलावलं होतं. वैशाली दारातच म्हणाली, "पप्पा, भीतीचा एक शब्द जरी काढलात तरी आम्ही निघू." परबांनी शाळेतल्या मुलासारखी मान हलवली.

सई आईच्या ओढणीमागून बघत होती. मग हळूच पुढे आली. वटवाघळाला बोट लावलं. चपला पाहिल्या.

"व्हाय शूज?"

"एक मोठो माणूस आसा. चलान चलान तेच्या चपला झिजतत."

"ही शुड टेक अ टॅक्सी."

"सांगतंय तेका," परब गंभीरपणे म्हणाले.

सई हसली. वैशालीही नाइलाजाने हसली आणि खांद्यावरची पर्स तिने खाली ठेवली. मुंजा शाळा बुडवतो म्हणून झाडावर बसतो, हडळीला केस विंचरायचा कंटाळा, असं परब सांगत गेले. आयुष्यभर ज्यांचा मान राखला त्यांची ते आपल्या तोंडाने थट्टा करत होते. त्यांच्या कपाळावर घाम होता, एसी चालू असूनही.

सईने सगळ्या चिठ्ठ्या एकेक करून आईकडून वाचून घेतल्या. मग झाडाच्या मागे जाऊन पाहिलं, खाली वाकून पाहिलं, आणि विचारलं, "आजोबा, व्हेअर इज आजी?"

तिने टेबलाजवळच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"यू सेड शी इज हिअर. ऑन दॅट चेअर."

वैशालीने पर्स उचलली. परबांनी वैशालीकडे पाहिलं, त्या खुर्चीकडे पाहिलं. मग ते गुडघ्यावर बसले.

"नाय बाये. आजी हंय नाय."

"नॉट इव्हन इनव्हिजिबल?"

"नाय. कोण नाय थंय. मी चुकीचा सांगलंय."

सईने खात्री करून घेण्यासाठी खुर्चीच्या पाठीवर तळहात ठेवला. मग खुर्ची ओढली, चढून बसली आणि म्हणाली, "आय अ‍ॅम हंग्री." परबांनी तिच्यासमोर ताटली ठेवली. सकाळी उठून त्यांनी घावणे केले होते, थोडे करपलेले. तिने तीन खाल्ले. निघताना वैशाली वडिलांच्या दंडाला धरून म्हणाली, "पप्पा, पुढच्या गुरुवारी सोडते तिला. यल्ला सई, चल." पूर्वी सोडायची तशीच.

त्या गेल्यावर मी आवरायला थांबले. परबांना हवं होतं ते मिळालं होतं, म्हणून मी म्हणाले, "परब, छान निभावून नेलंत. तिची भीती जावी म्हणून तुम्ही ते बोललात, मला कळतं. मनात असतं ते सगळंच मुलांना सांगायचं नसतं."

परब फरशीवरचे कागदाचे कपटे वेचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बाई, खोटा मी तेव्हा बोललंय. आज बोललंय ता खरा." एक कपटा उचलून ते पुढे म्हणाले, "वरीस झाला, मी त्या खुर्चेकडे बघतंय. सकाळी बघतंय, कामावरसून इलंय काय बघतंय. सगळ्यांका मान दिलंय मी, सगळ्यांची रीत सांभाळलंय. आणि तीच एक येवक नाय."

मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं की भूत नावाची गोष्ट नसते. ते वाक्य त्या वेळी अगदी ओठांवर होतं, आणि मी ते गिळलं. मग मीही खाली बसले आणि पलीकडच्या बाजूचे कपटे गोळा करू लागले.