गर्गेकाकांचा कंजूष ड्रॅगन

ड्रॅगन मारला की खजिना मिळतो, अशी आपली सर्वांची समजूत असते. गर्गेकाकांचा ड्रॅगन मारायला आम्हांला तीन रविवार लागले आणि गुहेत सापडलं काय, तर अकरा मोहरा आणि तांब्याचा एक लोटा. तोही गळका.

"बाकीचं सोनं?" मी विचारलं.

"पुरात वाहून गेलं, यार," काका म्हणाले. "गुहा घाटाच्या किती खाली होती, बघितलं नाहीस?"

बँकेच्या बदलीनं मी बनारसला आलो आणि पंचगंगा घाटावरच्या गल्लीत खोली घेतली. पहिल्याच रविवारी समोरच्या घरातून खणखणीत मराठीत आवाज आला, "राक्षस मेला का?" परमुलखात मराठी ऐकल्यावर मला राहवेना. मी आत शिरलो तो कायमचाच.

काका पाठशाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. घराणं चार पिढ्या काशीतलं, माणूस एकटा. वरच्या खोलीत राहून गेलेला एक परदेशी पाहुणा एक जाडजूड पुस्तक विसरला, त्यावरून ते हा खेळ शिकले. काका गोष्ट सांगणार; आम्ही त्या गोष्टीतली पात्रं होऊन काय करायचं ते बोलणार; आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवणार. मी योद्धा. विद्यापीठात सतार शिकणारी शरयू मांत्रिक. आणि कोपऱ्यावरचा कचौरीवाला घनश्याम चोर.

खजिन्याच्या बाबतीत काकांचं एकच तत्त्व. "ज्यादा नको. ज्यादा दिलं की पात्र बिगडतं." पुस्तकात कोणत्या पातळीला किती धन द्यावं याचा तक्ता होता. त्यातल्या प्रत्येक आकड्याचं शेवटचं शून्य काकांनी पेन्सिलीनं खोडलं होतं. त्यातूनही काही हाती लागलंच, तर परतीच्या वाटेवर नदी हमखास यायची आणि नदीवर घाट. पऱ्यांच्या राज्यातल्या घाटावरसुद्धा छत्रीखाली पंडे बसलेले असत आणि संकल्प सोडून घसघशीत दक्षिणा दिल्याशिवाय पुढे जाऊ देत नसत. एकदा तर आमची हिऱ्यांची थैली सांडानं गिळली.

"अरे गुरु, सांड हीरा काहे खाई?" घनश्याम उसळला.

"थैलीत आधी गूळ होता," काका शांतपणे म्हणाले.

एकदाच त्यांचा हात सैल सुटला. बोलण्याच्या भरात त्यांनी शरयूला इच्छापूर्तीची अंगठी देऊन टाकली आणि आठवडाभर झोप घालवून बसले. बुधवारी भर दुपारी माझ्या काउंटरवर आले आणि सगळ्या रांगेदेखत म्हणाले, "दिलेली अंगठी परत कशी मागू रे? मुलगी नाराज होईल." आमच्या मॅनेजरांनी त्यांना केबिनमध्ये नेलं, चहा पाजला आणि या वयात मनाला लावून घेऊ नका, असं समजावलं.

शेवटी घनश्याम आणि शरयूनं निर्वाणीचं सांगितलं: या रविवारी भरघोस खजिना, नाहीतर खेळ बंद. हा निरोप पोचवायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. शनिवारी दुपारी मी गेलो. काकांनी ऐकून घेतलं. मग कपाटातून एक जुनी वही काढून माझ्यापुढे ठेवली.

"ही पहिली मंडळी. तुम्हां तिघांच्या आधीची. त्यांना मी भरभरून दिलं रे. एकाला राज्य, एकाला महाल, एकाला उडता घोडा."

"मग?"

"मग काय? राजे झाले. राजाला गुहेत उतरायला कशाला हवं? पुढच्या रविवारी दोघं आले. त्याच्या पुढच्या रविवारी मी चार कप चहा करून बसलो. चारी मीच प्यायलो." वही मिटत ते म्हणाले, "पोट भरलं की माणूस उठतो, यार."

इतके दिवस मी या माणसाला चिक्कू म्हणत होतो. मला स्वतःची लाज वाटली. मागणी मागे घेतो, असं म्हणायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

रविवारी त्यांनी दिलं. पाताळातलं दार उघडलं आणि आत चाळीस हजार मोहरा, पाचूंचे हंडे, रत्नजडित तलवार! ना पूर, ना पंडा, ना सांड. शरयूनं टाळ्या पिटल्या. काका हसत होते, पण एकीकडे फासे डब्यात भरत होते.

"चला, झालं. राजे झालात," ते म्हणाले.

मी शरयूकडे पाहिलं. तिच्या टाळ्या थांबल्या होत्या. घनश्याम मात्र मांडी घालून तसाच बसून होता.

"काका, एतना सोना धइल हौ, त डाकू अइबे करिहैं," तो काळजीच्या सुरात म्हणाला. "अगिला अतवार के पहरा के देई?"

एवढं सोनं म्हटल्यावर डाकू येणारच. पुढच्या रविवारी राखण कोण करणार, हा त्याचा खराखुरा प्रश्न होता. माझे डोळे भरून आले.

काका चष्मा पुसत म्हणाले, "डाकू पुष्कळ असतील. तिघंही या. आणि नेहमीसारखं तीनला नको, अडीचलाच या."