आठवा भाऊ अनधिकृत

वर्धा शहरात ज्या झाडावर पक्षी राहतात ते रस्तारुंदीकरणात तोडायचे नाही, असा निर्णय नागरी पक्षिसन्मान समितीने घेतला होता. पक्षी खरोखर राहतात का, याची खातरजमा समिती सकाळच्या फेरीत स्वतः करणार होती. अन्नपूर्णाबाईंच्या फाटकासमोरच्या कडुनिंबावर लाल फुली पडली होती. गल्लीतली तेवढीच सावली. त्यांनी आंजीहून भाची मोनालीला बोलावून घेतले. मोनाली प्राणिशास्त्राची पदवीधर. वडील नानाजी तिला शनिवारी पहाटेच गाडीने घेऊन आले.

समिती आली. सर्वांच्या गळ्यात दुर्बिणी होत्या. त्यांची झाकणे काढण्याचा विषय निघाला नाही. अध्यक्ष मोतीलालजी ध्वनिक्षेपकावरून शांततेच्या महत्त्वावर बोलले, तेव्हा पोपट, साळुंक्या आणि एक भारद्वाज यांनी जागा सोडली. सातभाईंचा थवा तेवढा थांबला. तो आपसांत भांडत असल्याने त्याला भाषण ऐकू गेले नव्हते.

मोतीलालजींनी मोजले. "सहाच आहेत."

मोनालीने समजावले की सातभाई हे नुसते नाव. थव्यात कधी पाच असतात, कधी दहा.

"म्हणजे नाव चुकीचं?"

"नाव बरोबर आहे, सर."

"मग सातवा कुठाय?"

एका सदस्याने ते भाईच आहेत ना, असेही विचारले. नर-मादी सारखेच दिसतात, त्यांत बहिणीही असणार, असे मोनालीने प्रामाणिकपणे सांगितले. शिक्षणाचा हा तोटा असतो. नातेसंबंध संशयास्पद ठरून फेरतपासणी रविवारवर गेली.

रविवारी अन्नपूर्णाबाईंनी उजाडताच झाडाखाली पोळीचा चुरा टाकला. सातभाई आले. आठ.

"आठवा अनधिकृत आहे," मोतीलालजी म्हणाले. "अतिक्रमणाला समिती संरक्षण देऊ शकत नाही."

"तुम्ही पाखरं पाहाले आले का वाटणी कराले?" अन्नपूर्णाबाईंनी विचारले.

नानाजी नमते घेणारे. "आठातला कोन्ता, ते सांगा जी. त्याले उडवून लावतो."

त्यांनी एकासाठी टाळी वाजवली, आठही उडाले. सातभाई एकमेकांना सोडत नाहीत, हा मोनालीचा मुद्दा सिद्ध झाला. झाडावर पक्षी नाहीत, हा समितीचाही.

दुपारी करवत आली. कडुनिंबामागची भिंत मोकळी झाली. रंगारी सकाळपासून डबे घेऊन तिथेच बसला होता. त्याने समितीच्या वतीने सातभाई रंगवले. नेमके सात. नात्याविषयी शंका राहू नये म्हणून प्रत्येकाला बारीक मिशा.

नानाजी आणि मोनाली आंजीला परत निघाले. निरोप द्यायला अन्नपूर्णाआत्या फाटकात उभी होती, डोक्यावर पदर ओढून, उन्हासाठी. आंजीच्या अलीकडे एका बाभळीवर कलकलाट ऐकून नानाजींनी वेग कमी केला.

"थांबू का? तुह्ये भाई दिसून राह्यले."

"नको थांबू, बाबा. पाह्यले तं मोजा लागन."

ते चित्र आता शहरात प्रसिद्ध आहे. फोटो उत्तम येतात. मध्ये झाड नाही. मागच्या रविवारी तुम्हीही गेला होता. मिशांसह सातही भाऊ मागे येतील असा फोटो काढलात, घाम पुसलात आणि फाटकातल्या बाईंना म्हणालात, "काऊन जी, इथं एखादं झाड काऊन नाई लावत तुम्ही?"