कुटुंबप्रमुख

सरकारी सेवा ऑनलाइन झाल्या, त्याच संध्याकाळी मी घरी जाहीर करून टाकलं की पुढचा हेडक्लार्क मीच. साहेबांनीच सांगितलं होतं, जो जास्त नागरिकांची नोंदणी करेल त्याचा बढतीसाठी विचार होईल. स्पर्धेत होत्या फक्त शेजारच्या टेबलावरच्या मॅडम, आणि त्या एकेका म्हाताऱ्याला समोर बसवून मोबाइल कसा धरायचा इथपासून शिकवत होत्या. अशानं या रिटायर होईपर्यंत एक गल्ली संपवतील, असं मी शिपायाला ऐकवलंही!

माझी युक्ती सोपी होती. ज्याच्याकडे मोबाइल नाही, त्याच्या नावापुढे मी माझाच नंबर टाकायचो. पडताळणीचा कोड माझ्याच खिशात वाजायचा. बघता बघता मी मॅडमच्या कितीतरी पुढे गेलो. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. मॅडम मात्र पुढच्या म्हाताऱ्याला मोबाइल शिकवत राहिल्या, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

मग मुलीच्या कॉलेजप्रवेशासाठी रहिवासी दाखला काढायला बसलो, तर 'कुटुंबातली माणसं मर्यादेबाहेर' म्हणून अर्ज नामंजूर. एक नंबर म्हणजे एक कुटुंब, असं त्या यंत्रणेनं धरलं होतं. आमच्या दोन खोल्यांत तीनेकशे माणसं राहत होती आणि मी त्यांचा कुटुंबप्रमुख होतो. कोपऱ्यावरचा म्हातारा न्हावी माझा थोरला मुलगा लागत होता.

नाव कमी करायचं तर त्या माणसानं स्वतः येऊन अंगठा द्यायचा. मी दारोदार फिरलो. नाव काढलं की पेन्शन बंद होईल, या भीतीनं एकही जण हलेना. उलट प्रत्येक कामाला लागणारा कोड विचारायला सगळे माझ्या घरी येऊ लागले आणि बायको चहा करून करून मेटाकुटीला आली. साहेबांनी हात झटकले, बढती मॅडमना दिली आणि मला त्यांच्याकडेच जायला सांगितलं.

प्रवेशाची मुदत संपत आली होती. बायको आणि मुलीला घेऊन मी मॅडमच्या टेबलासमोर मान खाली घालून उभा राहिलो. त्यांनी स्क्रीनवर माझ्या कुटुंबाची यादी उघडली.

"एकच मार्ग आहे," त्या म्हणाल्या. "हिला तुमच्या कुटुंबातून कमी करायचं. मग हिचा दाखला स्वतंत्र निघेल."

मुलीनं क्षणाचाही विचार न करता अंगठा टेकवला. दाखला तिथल्या तिथे निघाला. आता माझ्या कुटुंबात सगळी वस्ती आहे, फक्त पोटची पोर नाही.

मी दाखला घडी घालून खिशात ठेवला. तेवढ्यात बायको मॅडमच्या जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "माझंही निघेल का हो?"