चाळिसावा खांब

मशीन कुठलंही असो, त्याने नुसता आवाज केला की मी त्याची कुंडली मांडतो! भिवंडीच्या निजामपुऱ्यात तीस वर्षं कापडाच्या लूम दुरुस्त केल्यात मी. कानात कापूस घालून सांगेन, तिसऱ्या लाइनीतल्या पाचव्या लूमचं कुठे दुखतंय. आणि माझी गाठ? धागा तुटेल, लूम तुटेल, शेठचं मन तुटेल, पण केसरीनाथने मारलेली गाठ सुटणार नाही!

म्हणून आई जेव्हा म्हणाली, "शेताला कुंपन घाल," तेव्हा मी हसलो. चाळीस खांब ठोकायचे, त्यात काय!

आमचं शेत भिवंडीजवळच्या पूर्णा गावात. तीन बाजूंना वेअरहाऊसच्या भिंती, मधे आम्ही, म्हातारीच्या तोंडात उरलेल्या एकुलत्या दातासारखे. चौथी बाजू रस्त्याला उघडी. शेजारच्या गेटवर गाड्यांची रांग लागली की कंटेनरवाले रांग चुकवून आमच्या शेतातून गेटपर्यंत घुसतात. आणि भात निघाल्यावर आई तिथे वाल लावते. गेल्या आठवड्यात वालाचा तिसरा वाफा चाकाखाली गेला, आणि आमची आई, पुतळाबाई, खाट घेऊन शेतातच जाऊन बसली.

"सोमवारी सावलाराम कागद घेऊन येनार हाय," ती म्हणाली. सावळाराम म्हणजे वेअरहाऊसवाल्यांना जमिनी मिळवून देणारा एजंट. "तवर कुंपन झालं त शेत तुझं. न्हाय झालं त मी अंगठा देते. रोज रोज मेलेला वाल मना बगवत न्हाय."

"आये, सोमवार कशाला? शुक्रवारी सुट्टी आहे मला. एका दिवसात उडवतो!"

"कसा उडवशील? पहार हाय घरान."

"पहार?" मी कपाळावर हात मारला. "आये, जग कुठे गेलंय! मशीन आणतो मशीन!"

रवींद्रला बरोबर घेतलं. रवींद्र म्हणजे माझा लूमवरचा जोडीदार. तीस वर्षं मी मशीन उघडतो आणि उरलेले स्क्रू तो खिशात ठेवतो. भाड्याच्या मशिनींच्या दुकानात त्याने पेट्रोलवाल्या मशीनकडे बोट दाखवलं.

"नाथा, हे घेऊया."

"पेट्रोल नको, धूर करतं. हा लाईटवरचा ब्रेकर हातोडा बघ. आवाज ऐक! रेशीम आहे रेशीम!"

"शेतात लाईट आहे?"

"एक्स्टेन्शन बोर्ड कशाला बनवलेत देवाने?"

शुक्रवारी सकाळी घरापासून शेतापर्यंत अकरा बोर्ड एकमेकांना जोडले. ब्रेकर खांबाच्या डोक्यावर बसवला. बटण दाबलं. शांतता! पुन्हा दाबलं. वालावरचा बगळासुद्धा उडाला नाही.

"नाथा," रवींद्र हळूच म्हणाला, "तुला आज सुट्टी का आहे?"

"शुक्रवार आहे म्हणून. लूम बंद."

"आणि लूम बंद असली की भिवंडीत आणखी काय बंद असतं?"

लाईट! शुक्रवारी लूम बंद, म्हणून दुरुस्तीसाठी लाईट बंद. तीस वर्षं मला हे पाठ आहे. पण पाठ असणं वेगळं आणि आठवणं वेगळं.

आई खाटेवरून म्हणाली, "पहारीला लाईट लागत न्हाय."

शनिवारपासून रजा टाकली आणि पेट्रोलवालं खांब ठोकायचं मशीन आणलं. ते खांबाच्या डोक्यावर टोपीसारखं बसवायचं आणि धडाधड ठोकायचं. खांब सात फुटी, मी पाच फूट तीन इंच. पिंपावर उभा राहिलो. पहिल्याच खांबाला खडक लागला. मशीन नाचलं, मी नाचलो, पिंप नाचलं, खांब जागच्या जागी. दातातलं सिमेंट तेवढं हललं.

"जमीन कडक आहे," मी म्हटलं. "पाणी सोडू."

"किती?" रवींद्रने विचारलं.

"सोड तू, मी सांगतो कधी थांबायचं."

आणि मी सांगायला विसरलो! नाश्ता करून आलो तर रस्त्याकडचा सगळा पट्टा भात लावण्याइतका तयार. काही हरकत नाही! दुसऱ्या टोकाला, अगदी वेअरहाऊसच्या गेटजवळ, खांब उभा केला आणि मशीन चालू केलं. काय सांगू! लोण्यात सुरी जावी तसा खांब गेला. चार फूट. पाच फूट. सहा फूट.

"बास, नाथा!"

"थांब, आवाज बघ काय लागलाय!"

सात फूट. बुडबुडा आला आणि खांब दिसेनासा झाला. रवींद्रने भोकात वाकून पाहिलं.

"आता एकोणचाळीस उरले," रवींद्र म्हणाला.

"बाला," आई ओरडली, "खांब लावतोस का पेरतोस?"

पण हार मानेल तो केसरीनाथ कसला! दुपारी तिसरं मशीन आणलं, ऑगर. खाली भलामोठा लोखंडी स्क्रू, तो गरगर फिरून जमिनीत खड्डा पाडतो. आधी नेमका खड्डा, मग त्यात खांब. शास्त्रशुद्ध!

"सरळ रेषेसाठी दोरी बांध," रवींद्र म्हणाला.

दोरी? लूमवाल्याच्या घरात दोरी? मी पोलिस्टर सुताचा अख्खा कोन, म्हणजे भलंमोठं रीळ, आणला. सोळा पदर एकत्र पिळले, बैल बांधला तरी तुटणार नाही असे. एक टोक आईच्या खाटेला बांधलं, कारण त्या बाजूला न हलणारं दुसरं काही नव्हतं. दुसरं टोक गेटजवळच्या एका लाल-पांढऱ्या खांबाला. गाठ अर्थातच माझी!

ऑगर चालू केला. आवाज गोड. पहिला खड्डा दोन मिनिटांत! दुसरा खड्डा सुताच्या जरा जवळ पडला. एवढाच जवळ, की स्क्रूने सूत पकडलं.

लूमच्या कांडीवर सूत गुंडाळताना पाहिलंय? अगदी तश्शी कांडी भरायला लागली! दोन्हीकडून सूत सुर्रर्र आत. मी स्विच शोधतोय, तर मागून आईचा आवाज.

"केसऱ्या! खाट चालली रं माझी!"

खाट वालातून सरकत येत होती, वर आई मांडी घालून, हातात विळा, लक्ष्मी जणू वाहनावर! रवींद्र खाटेला लटकला. तोही यायला लागला. आणि तिकडे गेटवर तो लाल-पांढरा खांब हळूहळू वाकला, कारण तो खांब नव्हताच! तो गेटचा दांडा होता, गाडी आत जाताना वर करतात तो. खालून एक कंटेनर जात होता. दांडा धाडकन त्याच्या टपावर!

ऑगर बंद पडला. आई विळ्याने सूत कापत म्हणाली, "पहार मना कदी ओढून नेत न्हाय."

दांडा वाकून टपात असा रुतला होता की कंटेनर ना आत, ना बाहेर. मागे रांग लागली. वॉचमन मला शिव्या देत होता, "गाठ खोलो, गाठ खोलो!" मी प्रयत्न केला. पण माझीच गाठ ती! शेवटी त्याने दात लावले, तरी नाही.

आणि रांग लागली की कंटेनरवाले काय करतात, हे मी तुम्हाला सांगितलंच आहे. दुसऱ्या नंबरच्या ड्रायव्हरने स्टिअरिंग वळवलं आणि आमच्या शेताच्या कोपऱ्यात घातली गाडी. ती सरळ आमच्या भिजवलेल्या पट्ट्यात! पुढची चाकं आत, मागचा दरवाजा रस्त्याकडे, आणि सगळी गाडी एक्सलपर्यंत खाली.

ड्रायव्हर खिडकीतून डोकावला. "चाचा, ये खेत है कि दलदल?"

"खेत है," मी म्हटलं. "दलदल मेहनत से बनाया है."

क्रेन मिळणार सोमवारी. आईने चाकं मोजली. चौदा. मग घरी गेली आणि पहार घेऊन आली. पहार माझ्यापुढे टाकली. मी उचलली.

रविवार, मंडळी! कोंबडं आरवल्यापासून दिवस मावळेपर्यंत मी पहार मारली, रवींद्रने माती काढली, आईने दगड ठासले. हाताला फोड, फोडाला फोड! एकोणचाळीस खांब असे उभे राहिले की म्हैस अंग घासून गेली तरी हलू नयेत. खांबांच्या भोकांतून तीन तारा ओवल्या, अखंड, मधे कुठेही जोड नाही. फक्त गेटकडच्या कोपऱ्यात चाळिसावा खांब नव्हता. तो खाली होता, आपल्या जागी. पण नेमका तिथेच कंटेनर रुतून बसला होता, खांबापेक्षा पक्का!

"तात्पुरतं त्याच्या मागच्या हुकाला बांधतो," मी म्हटलं. "उद्या क्रेनच्या आधी सोडू."

"गाठ साधी मार हां, नाथा," रवींद्र म्हणाला.

पण सवय ती सवय.

सोमवारी अकराला सावळाराम आला. गाडी कुंपणाला चिकटून उभी केली, उतरला आणि बघतच राहिला.

"झालं कुंपन," आई आतून म्हणाली. "अंगठा न्हाय."

"काकी, मला आत तर येऊ द्या! गाडीत कागद तयार आहेत. शाईचं पॅडपण नवीन आणलंय."

"दिसतंय का कुंपन?" मी छाती काढून म्हटलं. "हलवून दाखव!"

त्याने हलवून पाहिलं. हललं नाही. मला इतका आनंद झाला की मी त्याला एकेक खांब दाखवत पार दुसऱ्या टोकाला घेऊन गेलो. पहारीचं महत्त्वही सांगितलं. तेवढ्यात मागे कसलातरी आवाज आला. आवाजावरून मी लगेच ओळखलं. क्रेन.

क्रेनने कंटेनर रस्त्यावर ओढून काढला. ड्रायव्हर दोन दिवस अडकलेला. त्याने क्रेनची साखळी सोडली, मागे पाहिलं नाही, आणि गाडी पळवली. तारा ताणल्या. एकोणचाळीस खांब एकामागून एक जमिनीतून निघाले आणि त्याच्या मागे नाक्याच्या दिशेने गेले. जाताना तारा सावळारामच्या गाडीच्या बंपरला अडकल्या, तीही गेली. कागद आणि पॅड गाडीतच होते.

गाठ सुटली नाही.