सासूबाईंची चंडोल आणि बापूंची हरकत

सासूबाई दुपारी जेवून तासभर आडव्या होतात, त्या वेळी फोन वाजू नये, एवढ्याच सद्हेतूने बापूंनी गाडीच्या बुकिंगवर सासूबाईंऐवजी स्वतःचा नंबर दिला. गोष्ट साधी. पण बापूंच्या आयुष्यातली सगळी संकटं अशीच सद्हेतूचं बोट धरून घरात शिरलेली आहेत.

बापू विमा कंपनीत हेडक्लार्क. सासूबाई त्यांना 'जावईबापू' म्हणतात. गल्लीतल्या लोकांनी त्यातला जावई गाळला आणि बापू तेवढे ठेवले. स्वभावाने माणूस इतका मऊ, की राँग नंबर लागला तरी समोरच्याच्या तब्येतीची चौकशी करून मगच फोन ठेवणार. 'नाही' हा शब्द त्यांच्या तोंडून आजवर कोणी ऐकलेला नाही. (मुलगी पाहायला गेले होते, तेव्हाही तो ऐनवेळी सुचला नाही, असं ते सांगतात. बायको शेजारच्या खोलीत असली तर तेही सांगत नाहीत.)

सासूबाईंचा मामला बरोबर उलटा. मोठ्या इस्पितळात मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. त्या वॉर्डात शिरल्या की चादरी आपोआप ताठ होत आणि नावाजलेले सर्जन खिशातले हात बाहेर काढत. नर्सिंग शिकत असताना त्यांच्या हॉस्टेलच्या खिडकीखाली एका डॉक्टरांची चंडोल उभी असायची. लाल, बुटकी, लांब नाकाची, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार. सासूबाई तिच्यात कधी बसल्या नाहीत. नुसती पाहिली. पण अशी पाहिली, की पुढे चंडोल कंपनी बंद पडली, गाड्या भंगारात गेल्या, लोक नावसुद्धा विसरले, तरी सासूबाईंच्या मनात ती तशीच पुसून-धुऊन उभी होती.

आणि एक दिवस पेपरात आलं, की कोणीतरी ते नाव विकत घेतलंय, चंडोल पुन्हा निघणार. सासूबाईंनी चष्मा लावून बातमी दोनदा वाचली आणि त्याच दिवशी बापूंना शोरूममध्ये पाठवून बुकिंग केलं.

"आई, या वयात स्पोर्ट्स कार?" बापूंच्या बायकोने विचारलं.

"त्या वयात परवडत नव्हती," सासूबाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

गॅरेज मोकळं करायला घेतलं. आता गॅरेजमधलं सामान जाणार कुठे? बापूंच्या खोलीत. शिडी, जुनं वॉशिंग मशीन, सायकलचे सुटे भाग, रंगाचे अर्धवट डबे, सगळं एका रविवारी बापूंच्या पलंगाभोवती येऊन बसलं. रात्री कूस बदलायची तर आधी शिडीची परवानगी घ्यावी लागे. "थोडेच दिवस," बायको म्हणाली. बापू अर्थातच म्हणाले, "हरकत नाही."

मग पहिला फोन आला. आवाज गोड, अदबशीर.

"सर, चंडोलमधून बोलतोय. सीटचं चामडं आमच्या मनासारखं मिळत नाहीये. थोडा उशीर झाला तर चालेल का?"

आता इतक्या अदबीने विचारल्यावर कोणी 'नाही चालणार' म्हणतं का? म्हणजे म्हणत असतील लोक, पण ते बापू नव्हेत.

"हरकत नाही," बापू म्हणाले. वर "घाई करू नका, निवांत होऊ द्या," असंही म्हणाले. समोरच्या माणसाने तीनदा थँक्यू म्हटलं. बहुतेक त्याचे डोळे भरून आले असावेत.

सासूबाईंना हे सांगायचं म्हणजे जिवावरचं काम. बापूंनी सांगितलं, "आई, रंग वाळतोय."

"वाळू दे. ओली गाडी नको."

पुढचा फोन काचेबद्दल होता. त्यानंतरचा कसल्याशा स्प्रिंगबद्दल. बापू प्रत्येक वेळी हरकत नाही म्हणत आणि घरी रंग वाळत राही. एक उन्हाळा गेला, थंडी गेली. सासूबाईंनी गाडीसाठी घेतलेला काळा गॉगल दर आठवड्याला पुसला जाई आणि पुन्हा डबीत जाई. गॅरेजची फरशी त्या स्वतः झाडत. शेजारी विचारू लागले, "काय, आली का मोटार?"

"जावईबापू, हे लोक रंग देतायत की नुसतीच फुंकर घालतायत?" एकदा सासूबाईंनी विचारलं.

"सात हात देतात म्हणे, आई."

"सात? हाडाच्या प्लास्टरलाही इतके थर देत नाहीत."

मग एका संध्याकाळी बापू ऑफिसातून आले, तर सासूबाई रिकाम्या गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसलेल्या. हातात झाडू, पण झाडत नव्हत्या. बापूंकडे न पाहताच म्हणाल्या, "जावईबापू, ती कंपनी बंद पडली आणि पुन्हा सुरू झाली. छान झालं. पण माझं तसं नाही हो. मी एकदा बंद पडले, की कोणी नाव विकत घेऊन पुन्हा सुरू करणार नाही."

एवढं बोलून त्या उठल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. बापूंनी मात्र त्यांची खुर्ची उचलून भिंतीला लावली. आपण फोनवर वाटलेल्या प्रत्येक 'हरकत नाही'मध्ये या बाईंचा एकेक ऋतू खर्ची पडलाय, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. त्यांनी ठरवलं, उद्या शोरूममध्ये जायचं आणि भांडायचं.

बापूंनी भांडायचं म्हणजे तयारी हवी. सकाळी दाढी करताना त्यांनी आरशाला दम देऊन पाहिला.

"हा काय पोरखेळ चाललाय?"

बाहेरून बायको म्हणाली, "अहो, कोणाशी बोलताय?"

"कोणाशी नाही. सॉरी."

"आवाज पोटातून काढा. आणि सॉरी म्हणायचं नाही, अगदी पाय पडला तरी."

एकट्याने जायचा बेत होता. पण दाराशी सासूबाई चपला घालून उभ्याच. "मीही येते. सात हात दिलेला रंग कसा असतो ते बघू."

शोरूम म्हणजे नुसता काचेचा महाल. आत पाच-सहा गिऱ्हाइकं आधीच तावातावाने बोलत होती. एक दंतवैद्य टेबलावर मूठ आपटत होते. "माझे पेशंटसुद्धा विचारतात हो, गाडी आली का! तोंडात यंत्र असताना विचारतात!" बापूंना जरा धीर आला. त्यांनी छातीत हवा भरली, पोटातून आवाज काढायला तोंड उघडलं, आणि मॅनेजर दोन्ही हात पसरून धावत आला.

"सर! तुम्ही! अहो सगळे इकडे या, हेच ते!"

बापूंना कळेना. मॅनेजरने भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीवर चकचकीत फ्रेममध्ये बापूंचा फोटो होता. बुकिंगच्या दिवशीचा, हातात चहाचा कप, चेहऱ्यावर ओशाळं हसू. खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं: 'आमचे आदर्श ग्राहक'.

"आमच्या नव्या पोरांना आम्ही सरांच्या फोनची रेकॉर्डिंग ऐकवतो," मॅनेजर सासूबाईंना कौतुकाने सांगू लागला. "कोणी शिव्या घातल्या आणि पोरगं रडवेलं झालं, की सरांचा 'हरकत नाही, निवांत होऊ द्या' ऐकवायचा. लगेच सावरतं. अहो, सरांच्या वाटची गाडी केव्हाच तयार झाली होती. पण एक ठेकेदार इथे फरशीवर आडवे पडले, म्हटलं सर समजून घेतील, ती त्यांना दिली. पुढची एका वकिलांना दिली. त्यांनी नोटीस धाडली होती. सर म्हणाले, हरकत नाही!"

दंतवैद्यांची मूठ हवेतच राहिली. सासूबाई फोटोकडे पाहत होत्या. मग त्या हळूहळू वळल्या. त्या नजरेपुढे एके काळी मोठमोठ्या डॉक्टरांनी हात दुसऱ्यांदा धुतले होते.

"रंग वाळत होता म्हणे," त्या म्हणाल्या.

"आई, मी—"

"तुमचं नंतर. घरी." मग मॅनेजरकडे वळून, "तिसरी गाडी कुठे आहे?"

"मॅडम, ती मागे वर्कशॉपमध्ये आहे. तयार आहे, पण आमचे मुख्य इंजिनीअर सोडत नाहीयेत. कोणाचंच ऐकत नाहीत हो ते, मालकांचंही नाही. तुम्ही आत जाऊ शकत ना—"

सासूबाई आत गेल्या होत्या.

वर्कशॉपच्या मधोमध ती उभी होती. लाल. बुटकी. लांब नाकाची. सासूबाई जागच्या जागी थबकल्या. मागून धापा टाकत आलेल्या बापूंनी पहिल्यांदाच ती गाडी प्रत्यक्ष पाहिली, आणि आपण इथे कशाला आलो होतो ते साफ विसरले. त्या लाल अंगावरून खिडकीतला उजेड नुसता घसरत होता. गाडी उभी होती खरी, पण उभं राहणं तिला मुळीच आवडत नसावं असं वाटत होतं.

तिच्या कापडी छतावर एक मेकॅनिक झारीने पाणी ओतत होता. तेवढ्यात गाडीचं दार उघडलं आणि आतून पांढऱ्या मिशांचे, कपाळाला आठ्या घातलेले इंजिनीअर बाहेर आले. डाव्या खांद्यावर एक रुपयाएवढा ओला डाग.

"गळतंय," ते मेकॅनिकला म्हणाले. "उसवा. पुन्हा शिवा." मग पाहुण्यांकडे बघून, "आरडाओरडा करायचा असेल तर बाहेर करा. मी देणार नाही. जुनी चंडोल गळायची, म्हणून लोक हसायचे. या वेळी कोणी हसता कामा नये."

बापूंनी डोळे मिटले. आता इथे जे होणार, ते त्यांना बघायचं नव्हतं. सासूबाई गाडीला एक फेरी मारून आल्या. छताच्या शिवणीवरून त्यांनी बोट फिरवलं.

"टाके दूर दूर पडलेत," त्या म्हणाल्या.

"तेच सांगतोय मी यांना!"

"मग देऊ नका. मी टाके बघितल्याशिवाय पेशंट कधी घरी सोडला नाही. नातेवाईक कितीही बोंबलू देत." इंजिनीअरांच्या आठ्या पहिल्यांदाच जरा सैलावल्या. "पण हा पेशंट बरा झाला की माझ्याच घरी येणार. ठेकेदार येवो, वकील येवो, छतावर कोणी आडवं पडो. कळलं?"

"कळलं, बाई," इंजिनीअर म्हणाले. आपण ताठ उभे राहिलोय, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

बाहेर येऊन सासूबाईंनी दंतवैद्यांना आणि बाकीच्यांना चार शब्दांत परिस्थिती समजावली. "नीट करतायत. घाई केलीत तर भिजाल." दंतवैद्यांनी मूठ उलगडून खिशात घातली. मॅनेजर त्यांच्याकडे अशा काही आदराने पाहू लागला, की भिंतीवरचा फोटो बदलायचा विचार त्याच्या मनात आला असणार.

बापूंना वाटलं, सुटलो. पण सासूबाई दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी वर्कशॉपमध्ये हजर. बरोबर बापू. कारण पाणी ओतताना आत कोणीतरी बसायला हवं, आणि इंजिनीअरांना थंडी बाधली होती.

"बसा जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "तुमची हरकत नसेलच."

बापू रोज कोरडे आत बसत आणि भिजून बाहेर येत. कधी खांदा, कधी मान, एकदा तर नेमका कान. तसेच ऑफिसला जात. साहेबांनी विचारलं, की "गाडीत बसलो होतो" म्हणून सांगत. यावर साहेबांनी त्यांना एक दिवस रजा घ्यायला सुचवलं. पण खरं सांगायचं तर बापूंना ते आवडू लागलं होतं. बाहेर सासूबाई आणि इंजिनीअर दोन्ही बाजूंनी वाकून शिवण तपासत, एकमेकांवर खेकसत, आणि आत त्या नव्या चामड्याच्या वासात बसून बापू विचार करत, की आपण सगळ्यांना नुसतं हो म्हणून खूश करायला बघतो, आणि ही दोन माणसं नाही म्हणून म्हणून एक चांगली वस्तू उभी करतायत.

एका सकाळी झारी रिकामी झाली, दुसरी झाली, मग नळच लावला. बापू बाहेर आले. सासूबाईंनी त्यांच्या शर्टावरून, मानेवरून, कानामागून हात फिरवला. इंजिनीअर श्वास रोखून उभे.

"कोरडा," सासूबाई म्हणाल्या. मेकॅनिकने टाळी वाजवली. इंजिनीअर रुमाल काढून पलीकडे तोंड करून उभे राहिले, थंडीमुळे असेल. त्यांनी स्वतः किल्ली आणून सासूबाईंच्या तळहातावर ठेवली.

आता इतके दिवस धडपडून कोरडं केलेलं ते छत सासूबाईंनी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर मागे दुमडून टाकलं. गॉगल लावला, पांढऱ्या केसांवर पांढरा स्कार्फ बांधला, आणि गाडी फाटकातून अशी सुटली, की शेजारी बसलेल्या बापूंनी निरोपाला उचललेला हात वाऱ्याने परत तोंडावर आणून आदळला.

गाडी इतकी बुटकी, की शेजारच्या ट्रकचं चाक बापूंच्या कानाशी गरगरत होतं. सासूबाई गिअर टाकत होत्या, वळणं घेत होत्या, आणि गुणगुणत होत्या. त्यांना गुणगुणताना बापूंनी कधीच ऐकलं नव्हतं. एक नजर त्यांच्या चेहऱ्याकडे टाकली, तर तिथे हॉस्टेलच्या खिडकीतली मुलगी बसलेली. बापूंना फार बरं वाटलं. पुढच्याच वळणावर मात्र त्यांनी डोळे घट्ट मिटले, मान सीटवर टाकली आणि चेहरा पांढराफटक पडला.

मोठ्या चौकात सिग्नल लाल होता. मधोमध उभ्या हवालदाराने गाडी पाहिली, आणि एकदम सलाम ठोकला. "मेट्रनबाई! अहो माझी दोन्ही मुलं तुमच्याच वॉर्डात—" मग त्याची नजर शेजारच्या सीटवर गेली. "अरे बापरे! ए, बाजूला व्हा! बस मागे घे! सीरियस पेशंट आहे! पुढच्या चौकालाही कळवतो, बाई, तुम्ही थांबू नका!"

शिट्ट्या वाजल्या, रस्ता मोकळा झाला आणि चंडोल बाणासारखी निघाली. बापूंनी धडपडत डोळे उघडले. "आई, अहो, मला काही झालेलं नाही. त्याला सांगायला नको का?"

"मी काही बोलले का त्याला?" सासूबाई समोरून नजर न हटवता म्हणाल्या. "जावईबापू, डोळे मिटा. पुढचाही लाल आहे."

बापूंनी मुकाट्याने डोळे मिटले, आणि इतके मनापासून मिटले, की पुढच्या चौकातल्या हवालदाराने त्यांना एकदा नीट निरखलं आणि हळूच डोक्यावरची टोपी काढली.