किडकिडीत भीम

भास्कर सरांना राग येतो, पण उशिरा येतो.

एकदा शेजारच्या बबनच्या शेळ्यांनी सरांचा परसातला वाल मुळासकट फस्त केला. सरांनी शेळ्या हाकलल्या, हातपाय धुतले, चहा घेतला. तीन-चार दिवसांनी बबनच्या दारात जाऊन ते शांतपणे म्हणाले, "बबन, त्या दिवशीच्या प्रकाराचा मला राग आला आहे, असं माझ्या लक्षात आलं."

तोवर बबन धसईच्या बाजारात शेळ्या विकून मोकळा झाला होता. "कसला राग वो सर?" तो घाबरून म्हणाला. सरांनी त्याला सगळं समजावून सांगितलं, त्यानं माफी मागितली आणि दोघांनी मिळून पुन्हा वाल पेरला.

सर आमच्या शाळेत गणित शिकवायचे, मी मराठी. घरं शेजारी शेजारी. शेणव्याच्या पलीकडचं आमचं गाव लहान, त्यामुळे सरांचे किस्से सगळ्यांना पाठ. सर मुलगी बघायला गेले तेव्हा वडिलांनी विचारलं, "काय रे, पसंत हाय ना?" सर म्हणाले, "पसंतीची व्याख्या काय धरायची?" वडिलांनी हळूच पाय दाबला म्हणून लग्न झालं, नाहीतर सर अजून व्याख्याच करत बसले असते.

माझी बदली रद्द झाली तेव्हा मी पेढे घेऊन गेले. "आनंद झालाय, की नुसतं सुटल्यासारखं वाटतंय?" सरांनी विचारलं. "दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी कारण बघू." मी विचार करत घरी आले. पेढे तसेच हातात.

पण याच स्वभावापायी त्यांनी आयुष्यात एका पोरावर हात उगारला नाही. मुलगा फळ्यापाशी गप्प उभा राहिला की आम्ही बाकीचे ओरडायचो. सर त्याच्या शेजारी जाऊन उभे राहायचे आणि हळूच विचारायचे, "येत नाही, की भीती वाटते? आधी कारण बघू." निम्म्या पोरांचं गणित तिथेच सुटायचं. त्यांच्याइतका न्यायी माणूस मी पाहिलेला नाही.

त्यांचे थोरले भाऊ किसनदादा याच्या बरोब्बर उलट. शेतकरी माणूस. हसताना डोळ्यांत पाणी, भांडताना तोंडात गाणं. दादा गेल्या पावसाळ्यात, भातलावणी उरकल्यावर, अचानक गेले.

सरांनी सगळं केलं. भर पावसात कोरडी लाकडं मिळवली, मुरबाडच्या पाहुण्यांना निरोप दिले, रडणाऱ्यांना पाणी दिलं. स्वतःच्या डोळ्यांतून मात्र थेंब नाही. गाव कुजबुजलं. हौसावहिनी, म्हणजे दादांची बायको, मला म्हणाली, "भावजींना त्यांच्या दादाचं काय नाय गो. दगड हाय नुसता." तिनं सरांशी बोलणंच कमी केलं.

थोड्या दिवसांनी सर माझ्या ओटीवर येऊन बसले. "मॅडम, मला दुःख व्हायला हवं. मी रोज शोधतो. सापडत नाही. दादावर माझं प्रेम नव्हतं की काय?"



आमच्याकडे उन्हाळ्यात बोहाडा असतो. देवादिकांचे लाकडी मुखवटे लावून नाचायचं. कोणतं सोंग कोणत्या घरानं आणायचं ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. यांच्या घराचा मान भीमाचा, आणि तो भीम कायम किसनदादांनी नाचवलेला. दादांना मुलगा नाही. वहिनी म्हणाली, "देऊन टाका मान दुसऱ्या घराला." सरांनी पुष्कळ विचार केला आणि जाहीर केलं, "मी नाचतो."

अख्खं गाव हसलं. सर अंगानं पडवळ.

सरांनी तयारी मात्र गणितासारखी केली. वहिनीच्या अंगणात खडूनं चौकोन आखले, कोणता पाय कुठे ते लिहिलं. संबळ वाजवणारा झिपरूबाबा कपाळ धरून बसला. "सर, भीम असा नाय चालत. असा तलाठी चालतो."

एका दुपारी मी तालीम बघायला गेले होते, तेव्हा वहिनीनं माळ्यावरून मुखवटा काढला. लाल फडक्यातून सोडवून सरांच्या तोंडाला बांधला. सर नंतर मला म्हणाले, आत दादांच्या घामाचा, तेलाचा वास तसाच होता.

झिपरूबाबानं संबळावर टिपरू मारलं. सर नाचू लागले. पावलं चुकली, चौकोन पुसले गेले, आणि मुखवट्याच्या आतून एक घोगरा आवाज आला. आम्हाला वाटलं, भीमाची डरकाळी. झिपरूबाबा खूश होऊन ओरडला, "हां! असा!" आणि त्यानं ताल वाढवला.

सगळ्यांच्या आधी वहिनीच्या लक्षात आलं. तिनं हात वर केला. संबळ थांबला, आवाज थांबला नाही.

"वहिनी, मला काय होतंय हे?" मुखवटा विचारत होता. "छातीत काहीतरी... कारण..."

"कारण नको, भावजी. तुमचा दादा आठवला. येऊ द्या."

"थांबवू का?"

"कशाला थांबवता?"

सर मटकन खाली बसले. वहिनी मुखवटा सोडायला गेली, तर त्यांनी तो दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला. मग तीही शेजारी बसली, पदर तोंडाला लावून. "एवढे दिस मी एकटीच रडत व्हते," ती म्हणाली. झिपरूबाबा आणि मी उगाच अंगणातल्या आंब्याकडे बघत राहिलो.

बोहाड्याला सर नाचले. वाईटच नाचले. भीमाची गदा निसटून देवाच्या पालखीपुढे पडली, लोक पोट धरून हसले आणि मुखवट्याआडून सरही हसत होते, तेही लगेच, त्याच क्षणी.

आता संध्याकाळी सर वहिनीच्या ओटीवर जाऊन बसतात. मी एकदा विचारलं, "रोज काय बोलता एवढं?"

"काही नाही," सर म्हणाले. "कधी तिला रडू येतं, कधी मला. ज्याला आलं नसेल तो चहा ठेवतो."